बंदराचा दरवाजा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन उभा जन्म किनाऱ्यावरच्या शाळांतून मुलांना बाराखडी आणि त्रैराशिक शिकविण्यात गेला. अशा माणसाने बंदरांतील गुन्हेगारी आणि बंदोबस्त या विषयावर बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु विषय आम्हीच निवडला आहे, आणि त्यास कारण आहे. आज या मंचावर ज्या मुलांचा सत्कार झाला त्यांपैकी तिघांनी पुढे काय होणार या प्रश्नास 'जहाजावर जाणार' किंवा 'पोर्टमध्ये लागणार' असे उत्तर दिले. आपल्या ज्ञातीची कितीतरी मुले आज न्हावा-शेव्यास, मुंबईच्या गोदीत, कस्टमच्या दलालांच्या कचेऱ्यांत, सुरक्षा दलात आणि जहाजांवर आहेत. त्यांच्या हाती कशाच्या किल्ल्या आहेत, हे घरच्यांस ठाऊक असावे म्हणून हा प्रपंच.

शिवाय या विषयाशी आपले नाते आजचे नाही. मुंबई बेट १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आले. त्यानंतर गव्हर्नर जेराल्ड अंजिअर याच्या कारकिर्दीत या बेटावर 'भंडारी मिलिशिया' उभी राहिली. सुमारे ५०० माणसांचे हे पथक. माहीम, शिवडी आणि शीव येथे त्यांचे सुभेदार असत. बंदरात उतरणाऱ्या खलाशांना वाटेत गाठून लुबाडणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त करणे, हे त्यांच्या कामांतील मुख्य. मुंबईच्या पोलीस दलाचा इतिहास येथूनच सांगितला जातो. म्हणजे बंदराची राखण हा आपल्या पूर्वजांचा व्यवसाय होता. ही गोष्ट अभिमानाने सांगावयाची खरी. पण नुसत्या अभिमानाने पोट भरत नाही आणि दरवाजाही राखला जात नाही.

आता बंदर म्हणजे काय, ते पाहू. देशाच्या सीमेवर काटेरी कुंपण असते, चौक्या असतात, जवान असतात. बंदर ही देखील सीमाच आहे. पण ती बंद ठेवून चालत नाही. रोज हजारो टन माल आत यावयास हवा, हजारो टन बाहेर जावयास हवा, आणि तोही त्वरेने. कारण जहाज धक्क्यास उभे राहिले की तासागणिक पैसा जातो. उघडा दरवाजा राखणे हे बंद दरवाजा राखण्यापेक्षा शतपटीने कठीण. बंदरातील सर्व गुन्ह्यांचे मूळ या एका अडचणीत आहे.

पूर्वीचा बंदरातील गुन्हा म्हणजे किरकोळ चोरी. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या थेम्स नदीवर साखर, कॉफी, रम यांनी भरलेली जहाजे उभी असत, आणि उतरविणारे हमाल, नावाडी, पहारेकरी असे सारेच थोडेथोडे उचलीत. सांडलेली साखर आपली, असा तेथे रिवाजच पडला होता. तेव्हा पॅट्रिक कोल्हून नावाचा दंडाधिकारी आणि जॉन हॅरियट नावाचा जुना दर्यावर्दी या दोघांनी वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांकडून पैसा घेऊन जुलै १७९८ मध्ये वॉपिंग येथे सागरी पोलीस उभे केले. पहिल्या वर्षी सुमारे ४,२०० पौंड खर्च झाला आणि १,२२,००० पौंडांचा माल वाचला, असा हिशेब त्या काळी मांडला गेला. दोन वर्षांत सरकारने ते दल आपल्या ताब्यात घेतले. लंडन शहराचे प्रसिद्ध पोलीस दल निघाले ते त्यानंतर, १८२९ मध्ये. आधुनिक पोलिसाचा पाळणा असा बंदरातच हलला.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्यास आज काम आहे आणि उद्या नाही, ज्याची मजुरी मुकादमाच्या लहरीवर अवलंबून आहे, त्यास सांडलेली साखर आपली वाटावी यात नवल नाही. मुंबईच्या गोदीतही पूर्वी तीच स्थिती होती. पहाटे दरवाजाबाहेर गर्दी करावयाची, मुकादमाने बोट दाखविले तर पोटाला, नाही तर घरी. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला आणि पुढे नोंदणी, पाळ्या, किमान हजेरी ही व्यवस्था आली. ती कामगारांच्या कल्याणासाठी होती हे उघडच आहे. पण आमच्या मते ती बंदराच्या सुरक्षेचीही व्यवस्था होती. पोट भरलेला पहारेकरी हाच खरा पहारेकरी.

आमचे तीर्थरूप गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून किती नग उतरले, किती साबूत, किती फुटके, याची नोंद करणे हे त्यांचे काम. एकदा रात्रपाळीस क्रेनच्या झोळीतून एक पेटी 'घसरली'. अशा पेट्या कशा घसरतात हे गोदीत सर्वांस ठाऊक असे. पेटीतील माल पाच मिनिटांत खिशांत आणि डब्यांत गेला. मुकादम येऊन म्हणाला, "भाऊ, पेटी जहाजातूनच फुटलेली आली असे लिहून टाका. तुमचा वाटा घरी पोहोचेल." वडिलांनी लिहिले, 'धक्क्यावर उतरताना फुटली, माल कमी.' याचे पारितोषिक त्यांस मिळाले ते असे की, पुढे वर्षभर त्यांची रात्रपाळी सुटली नाही. आई कुरकुरत असे. वडील एवढेच म्हणत, "पेटीत काय होते ते मोठे नाही गं. मी खोटे लिहितो हे त्यांना एकदा कळले, की उद्या ते मला काय लिहावयास लावतील हे माझ्या हाती राहणार नाही." त्या वेळी आम्ही लहान होतो. या वाक्याचा अर्थ आम्हांस फार उशिरा, आणि फार महागात, कळला. तो कसा, ते पुढे सांगतो.

मध्यंतरी बंदराचे रूपच पालटले. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन वाहतूकदाराने 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ लोखंडी डबे चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठविले. तेथून कंटेनरचे युग सुरू झाले. आपल्याकडे १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, आणि आज तेथे वर्षाला वीस फुटी मापाचे ७० लाखांहून अधिक डबे हाताळले जातात. पेटी फोडून मूठभर माल उचलण्याचा काळ सरला. कुलूपबंद, मोहोरबंद डबा कारखान्यातून निघतो आणि दुकानदाराच्या दारी उघडतो. किरकोळ चोर बेकार झाला. पण मोठ्या चोराचे फावले. कारण ज्या पोलादी भिंतीआड माल चोरापासून सुरक्षित असतो, त्याच भिंतीआड चोराचा माल पोलिसापासूनही सुरक्षित असतो.

सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने दोन डबे उघडले. कागदावर शंखजिऱ्याचे दगड होते. माल अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आला होता. आत निघाले सुमारे ३,००० किलो हेरॉईन. सगळेच डबे उघडून पाहू म्हटले तर बंदर एका दिवसात तुंबेल. म्हणून कागदपत्रे पाहून, माल पाठविणाऱ्याचा इतिहास पाहून, संशयित तेवढेच डबे निवडून क्ष-किरणांच्या यंत्राखालून काढतात किंवा उघडतात. बाकीचे विश्वासावर सुटतात. अर्थात ज्याच्या हाती कागद, त्याच्या हाती दरवाजा.

कागद आता संगणकात गेला आहे. बेल्जियममधील अँटवर्प बंदरात २०११ ते २०१३ या काळात अमली पदार्थांच्या टोळ्यांनी संगणक फोडणारे लोक हाताशी धरले. कोणता डबा कोठे ठेवला आहे आणि तो सोडविण्याचा गुप्त अंक कोणता, ही माहिती चोरून ते खऱ्या मालकाच्या आधी आपली गाडी पाठवीत व डबा घेऊन जात. कुलूप तोडावे लागले नाही, भिंत ओलांडावी लागली नाही. जून २०१७ मध्ये तर एका संगणकीय विषाणूने जगभर धुमाकूळ घातला आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. मालमोटारींच्या रांगा लागल्या. तेथे चोर आलाच नव्हता. त्याची सावली तेवढी आली होती.

हॉलंडमधील रॉटरडॅमची कथा आम्हां शिक्षकांस अधिक झोंबणारी आहे. तेथे डब्यांत लपविलेले कोकेन काढून आणण्यासाठी टोळ्या तरुण पोरांस पैसे देऊन बंदरात घुसवितात; त्यांत शाळकरी वयाची मुलेही सापडली आहेत. अखेर २०२२ पासून बंदरात विनाकारण शिरणे हाच तुरुंगवासाचा गुन्हा ठरविणारा कायदा तेथे करावा लागला. श्रीमंत देश, उत्तम शाळा, आणि तरी ही गत. तेव्हा 'आमच्या घरात असे होणार नाही' असे कोणी म्हणू नये.

आता आमच्या घरची, म्हणजे आमच्या किनाऱ्याची गोष्ट. ती सांगताना आम्हांस आनंद होत नाही.

स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर कडक निर्बंध आले; १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला. आपल्या लोकांस सोन्याचा सोस किती, हे भगिनींसमोर सांगावयास नको. जेथे मागणी आहे आणि सरळ वाट नाही, तेथे वाकडी वाट निघतेच. आखातातून गलबते येऊ लागली आणि कोकणच्या खाड्यांत रात्रीबेरात्री माल उतरू लागला. हा प्रकार इतका वाढला की, १९७४ मध्ये रुस्तमजी समिती नेमावी लागली आणि तिच्या शिफारशीवरून पुढे भारतीय तटरक्षक दल जन्मास आले. त्याचा कायदा १९७८ चा. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. पण वाट एकदा पडली, की कायदा गेल्याने ती बुजत नाही.

आम्ही किनाऱ्यावरच्या एका लहान गावात नव्याने शिक्षक म्हणून रुजू झालो, ते १९८० च्या सुमारास. वर्गात एक हुशार मुलगा होता. महिन्यातून एखाद्या दिवशी तो बाकावर डोके ठेवून झोपे. एकदा सहलीची वर्गणी त्याने कोरी शंभराची नोट देऊन भरली. आम्ही विचारले, "एवढे पैसे कोठले रे?" तो म्हणाला, "गुर्जी, रात्री पेट्या उचलायला गेलो होतो." कसल्या पेट्या, कोणाच्या, कशासाठी, हे आम्ही पुढे विचारले नाही. सारे गाव जाणत होते. पोलीस पाटलापासून दुकानदारापर्यंत कोणीही त्यास गुन्हा मानीत नव्हते. 'कोणाचे घर लुटले? चांदीच तर आहे!' असे लोक म्हणत. आम्ही सुट्टे पैसे परत केले, पावती फाडली आणि पुढचा धडा घेतला. गणिताचा तास होता. तो हिशेब मात्र आम्ही चुकलो.

१९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे अशाच पेट्या उतरल्या. या खेपेस त्यांत शस्त्रे आणि आर.डी.एक्स. होते. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत स्फोटांची मालिका झाली आणि २५७ माणसे प्राणास मुकली. पुढे न्यायालयात जे सिद्ध झाले ते ऐकून मान खाली जाते. वाटेत पोलिसांनी गाड्या अडविल्या होत्या. परंतु लाचेचा सौदा ठरून त्या सोडण्यात आल्या, आणि पुरेशी रोकड नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेण्यात आल्या. कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले. कुंपणानेच शेत खाल्ले. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खटल्याचा अंतिम निकाल दिला.

त्या दिवसांत आमचा तो विद्यार्थी, आता चांगला बाप्या झालेला, आमच्या दारी आला. त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. त्याने ते काम केव्हाच सोडले होते व तो मासळीच्या धंद्यात होता. ओटीवर बसून तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "गुर्जी, आम्ही इतक्या पेट्या उचलल्या. आत काय आहे ते एकदाही पाहिले नाही. आम्हाला सांगत चांदी, आम्ही म्हणायचो चांदी." आणि उठताना म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी पुढे विचारले असते तर!" 

बंधुभगिनींनो, आम्ही पस्तीस वर्षांहून अधिक काळ मुलांस प्रश्न विचारले. पण जो विचारावयास हवा होता तो विचारला नाही. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, असे आपले वाडवडील सांगून गेले. चांदीसाठी जी वाट सर्वांनी डोळे मिटून मोकळी ठेवली, तीच स्फोटकांना मोकळी सापडली. पेट्या उचलणाऱ्याने, गाडी सोडणाऱ्याने, पावती फाडणाऱ्याने कोणीही 'मुंबई उद्ध्वस्त करू या' असे म्हटले नव्हते. प्रत्येकाने आपापल्यापुरती लहानशी डोळेझाक केली. वडिलांच्या त्या वाक्याचा अर्थ हाच होता.

आता दुसरी बाजू. बंदरातील संकट नेहमी चोराच्याच हातून येते असे नाही. कधी ते कोणाचीच जबाबदारी नसल्यामुळेही येते. १२ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टायकिन' हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आले. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा, वर कापसाच्या गाठी, तेलाची पिंपे आणि सोन्याच्या विटा होत्या. अशा जहाजाने लाल बावटा लावावयाचा असतो. तो लावलेला नव्हता. १४ तारखेस दुपारी आग दिसली. जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, अग्निशामक दल, लष्करी तज्ज्ञ असे सारे हजर. कोणी म्हणे जहाज बाहेर न्या, कोणी म्हणे बुडवा, कोणी म्हणे पाणी मारा. सर्वांवर आज्ञा चालेल असा एकही मनुष्य नव्हता. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे गेली; त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. बारभाईची खेती, काय लागे हाती!

शहाणपण मात्र आपोआप येत नाही. लेबनॉनच्या बेरूत बंदरात एका जहाजावरून उतरविलेले २,७५० टन अमोनियम नायट्रेट २०१४ पासून गुदामात पडून होते. कस्टमला ठाऊक, बंदराला ठाऊक, न्यायालयाला ठाऊक, मंत्र्यांच्या कचेऱ्यांना ठाऊक. प्रत्येकाने पत्र लिहून दुसऱ्याकडे बोट दाखविले. ४ ऑगस्ट २०२० रोजी ते उडाले, दोनशेंहून अधिक माणसे मेली आणि अर्धे शहर मोडले.

मुंबईच्या त्या स्फोटातील एक लहान गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हांस पुढे जाववत नाही. जहाजातील सोन्याची एक वीट, सुमारे २८ पौंड वजनाची, उडून मैलभर अंतरावरच्या एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून पडली. शहर पेटले आहे, विचारणारे कोणी नाही, आणि दारात सोने. त्या वृद्ध गृहस्थांनी ती वीट सरकारजमा केली. बंदराचा खरा दरवाजा त्या दिवशी त्या घराच्या उंबरठ्याशी होता, आणि तो राखला गेला.

पुढे २६ नोव्हेंबर २००८ चा प्रसंग आला. दहा अतिरेक्यांनी 'कुबेर' नावाची मासेमारी नौका पळविली, तिच्या तांडेलास ठार केले, आणि रबरी होडीतून ते कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीशी उतरले. १६६ माणसे बळी पडली. किनाऱ्यावरच्या साध्या लोकांना ही पोरे परकी आहेत हे लगेच जाणवले होते आणि त्यांनी हटकलेही होते. समुद्रावर कोण आपला, कोण परका, हे कोळ्याच्या डोळ्यास जेवढे कळते तेवढे दुर्बिणीस कळत नाही. मात्र तो डोळा आणि चौकी यांत विश्वासाचा दोर हवा.

त्यानंतर पुष्कळ झाले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. २००९ पासून सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे आली. किनाऱ्याजवळचे पाणी सागरी पोलिसांकडे, त्यापुढे तटरक्षक दल अशी वाटणी झाली. किनाऱ्यावर रडार बसले, मच्छीमारांस ओळखपत्रे मिळाली, नौकांस राज्यवार रंग ठरले. बंदराच्या आत मोठ्या बंदरांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा आहे. अमेरिकेतील २००१ च्या हल्ल्यांनंतर अनेक राष्ट्रांनी मिळून जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेची एक संहिता केली. ती १ जुलै २००४ पासून लागू आहे. तिच्यान्वये प्रत्येक बंदरास नेमलेला एक सुरक्षा अधिकारी असावा लागतो, लेखी योजना असावी लागते, आणि धोक्याच्या तीन पायऱ्या ठरलेल्या असतात. १९४४ साली जो 'एक माणूस' नव्हता, तो कागदावर तरी आज आहे. मुंबई पोलिसांचे स्वतंत्र बंदर परिमंडळही आहे, आणि गोदीवाल्यांच्या परिचयाचे यलो गेट ठाणे त्यातलेच.

परंतु बंदोबस्त वाढला की एक विपरीत गोष्टही घडते. सारा संशय सर्वांत खालच्या माणसावर येतो. हमालाची पिशवी तीनदा तपासली जाते, मालमोटारीचा चालक उन्हात रांगेत तिष्ठतो, खलाशास महिनोन् महिने समुद्रावर राहूनही जमिनीवर पाय ठेवू देत नाहीत. आणि मोठा माल मात्र कचेरीतील एका सहीवर निघून जातो. हे अन्यायाचे आहे आणि निरुपयोगीही आहे. ज्यास रोज चोर समजले जाते तो चोर दिसला तरी सांगावयास येत नाही. आमच्या वडिलांस रात्रपाळी न देता शाबासकी मिळती, तर त्या शेडमधील आणखी दोघांनी खरे लिहिले असते. खरे बोलणाऱ्यास सांभाळणे हा बंदोबस्ताचा पहिला खर्च आहे, यंत्रे नंतर.

तेव्हा आज या तरुणांस आमचे चारच शब्द सांगणे आहे. आपला पास आणि संगणकाचा परवलीचा शब्द कोणासही, सख्ख्या मित्रासही, क्षणभर देऊ नये. जे डोळ्यांनी पाहिले नाही त्यावर सही करू नये. दुसऱ्याचे बंद पुडके, कितीही ओळखीच्याने दिले तरी, जहाजावर वा दरवाजापार नेऊ नये. आणि चौथे, काही वावगे दिसले तर बोलावे. किनाऱ्यावरच्या मंडळींनी १०९३ हा सागरी पोलिसांचा आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

वडीलधाऱ्यांस आणि विशेषतः माताभगिनींस एक विनंती. मुलगा नव्या नोकरीतून पगारापेक्षा जास्त पैसे घेऊन आला, तर त्याच्या कर्तबगारीचे कौतुक करण्यापूर्वी 'हे कोठून आले?' एवढे विचारा. उत्तर मिळाले की तेथेच थांबू नका. पुढचा प्रश्नही विचारा. आम्ही थांबलो होतो. आणि खरे बोलल्यामुळे एखाद्यास रात्रपाळी आली, बढती हुकली, नोकरीही गेली, तर त्यास मूर्ख म्हणू नका. अशा मुलाच्या पाठीशी ज्ञातीने उभे राहावे. आज आपण परीक्षेतील गुणांचा गौरव केला. पुढच्या वर्षी अशा एखाद्याचाही करू या. मंडळाच्या निधीत त्यासाठी काही तरतूद व्हावी, अशी सूचना आम्ही अध्यक्षमहाराजांपुढे नम्रपणे ठेवतो, आणि आमच्या निवृत्तिवेतनातून त्या निधीचा पहिला वाटा आम्ही आजच चिटणिसांच्या स्वाधीन करतो.